पैकीच्या पैकी मार्क आणि गंगावेशीतलं दूध

गेल्या महिन्यात आमच्या आयसीयूत ट्रेनिंग झालं. विषय, रुग्णाची गोपनीयता. वेळ दुपारी अडीच. म्हणजे मॉर्निंगवाल्यांची घरी पळायची आणि इव्हिनिंगवाल्यांची हँडओव्हर घ्यायची, नेमकी कुणालाच नको असलेली. प्रोजेक्टरवर कुलपाचं मोठं चित्र, मग तीस-चाळीस स्लाइडा आणि शेवटी वीस प्रश्नांचा कागद. चूक की बरोबर ते लिहा. 'पेशंटची माहिती लिफ्टमध्ये बोलायला हरकत नाही.' 'पेशंटचा फोटो स्टेटसला ठेवता येतो.' असले प्रश्न. नापास व्हायलाच अभ्यास करावा लागला असता. सिस्टर, ब्रदर, टेक्निशियन, फिजिओची नवीन पोरगी, सगळ्यांना वीसपैकी वीस. आमच्या मावशींना मी प्रश्न वाचून दाखवले, त्यांनाही वीस. मी इन्चार्ज, त्यामुळं कागद गोळा करून फाइलला लावले, वर सही ठोकली आणि घरी आले.

रात्री नऊला कोल्हापुरातल्या गंगावेशीत माझा निकाल लागला.

आमच्या ह्यांना जेवण झालं की दूध कट्ट्यावर जायची सवय आहे. डोळ्यांसमोर म्हशीची धार काढून घ्यायची आणि तो फेसाळ ग्लास उभ्या उभ्या संपवायचा. बाहेरगावच्या पाहुण्यांना त्याचं फार कौतुक वाटतं. तिथं माझ्या माहेरच्या गल्लीतले एक काका भेटले. मला फ्रॉकमध्ये बघितलेला माणूस. बरोबर आणखी तिघं-चौघं, सगळ्यांच्या हातात ग्लास.

"काय गं, आमच्या भाच्याला तुझ्याकडंच ठेवलंय न्हवं? कसा हाय?"

"काका, काळजी करू नका. सकाळी नळी काढली, बोलायला लागलेत आता."

एवढंच बोलले. दोन वाक्यं, आणि दोन्ही चांगली. काकांचा चेहरा उजळला, त्यांनी माझ्या दुधाचे पैसेपण दिले. निमोनियानं आठ दिवस व्हेंटिलेटरवर असलेला माणूस, त्याची नळी सुटली म्हणजे आनंदाचीच गोष्ट. घरी येईपर्यंत मी ते विसरूनही गेले.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला आयसीयूच्या दारात एक म्हातारी उभी. हातात कापडी पिशवी, पदर डोक्यावर, श्वास लागलेला. पहाटेच्या पहिल्या एसटीनं राधानगरीच्या बाजूनं आलेली. स्टँडवर उतरून रिक्षा केली, आणि कुठलं हॉस्पिटल ते माहीत नसल्यामुळं आधी दुसऱ्या दोन दवाखान्यांत जाऊन आलेली. "माझ्या पोराची नळी काडली म्हनं. कसली नळी?"

तिला काहीच माहीत नव्हतं. मुलगा पुण्याला नातीकडं गेलाय, फोन बिघडलाय, असं घरच्यांनी तिला आठ दिवस सांगितलं होतं. बहात्तर वर्षांची बाई, बीपी, वर्षापूर्वी मालक गेलेले. पोरगा धोक्याबाहेर आला की मगच सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. काकांनी रात्रीच आनंदानं फोन लावला, "वहिनी, आता भ्यायचं काम न्हाई, नळी काढली!"

पेशंटचा मुलगा बाहेर बाकावरच झोपला होता. उठून आला, आजीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "सिस्टर, हिला कुणी सांगितलं?" माहीत नाही म्हणून मला निभावून नेता आलं असतं. "माझ्याकडून गेलं," म्हटलं. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "चांगलंच सांगितलंसा की. पन आज संध्याकाळी आमीच गाडी घेऊन जाणार हुतो तिला आणायला. बाबांस्नी बोलताना दाखवायचं हुतं."

मग आजीला खुर्चीत बसवलं, बीपी बघितलं (वरचं एकशे नव्वद), गोळी दिली आणि पोराला भेटवलं. सगळं ठीक झालं. पण ती बातमी त्या पोराची होती. आठ रात्री बाकावर काढून त्यानं ती कमावली होती, आणि मी ती गंगावेशीत एका दुधाच्या ग्लासावर देऊन टाकली.

पुढं लिहायच्या आधी एक सांगते. या पोस्टमधले आजार, गावं, नाती, साल-महिने मी थोडेफार इकडचे तिकडं केलेत. आजीच्या गावाचा रस्ताही दुसराच आहे. हा विषय लिहायचा म्हटल्यावर तेवढं तर करायलाच हवं. हॉस्पिटलचं नाव येणार नाही, विचारूही नका.

मी एकोणीस वर्षं आयसीयूत आहे. इतक्या वर्षांत पेशंटची माहिती विकलेला किंवा कुणाचं वाईट व्हावं म्हणून फोडलेला माणूस मी एकदाही बघितला नाही. जे बाहेर जातं ते आपुलकीनं जातं. कोल्हापुरात तर विचारूच नका. एक माणूस ॲडमिट झाला की खाली वीस-पंचवीस जण हजर. भावकी, तालमीची पोरं, साखर कारखान्यातले मित्र, दूध संस्थेचा चेअरमन. रक्त लागलं म्हटलं की अर्ध्या तासात दहा पोरं बाह्या वर करून ब्लड बँकेत उभी. हे जगात भारी आहे, मी स्वतः त्याच्यावर पेशंट वाचलेले बघितलेत. पण ज्यानं रक्त दिलं त्याला 'काय झालंय' हे विचारायचा हक्क वाटतो, आणि त्याला 'सांगता येत नाही' म्हणायचं तर आपल्याच जिभेवर दगड ठेवल्यासारखं होतं. शिवाय दर तासाला फोन. "मी पेशंटचा मेव्हणा बोलतोय." मेव्हणाच आहे हे मला कसं कळणार? नगरसेवकाचा पीए असेल, सोसायटीचं कर्ज दिलेला माणूस असेल, भावकीतला कोर्टातला विरोधक असेल.

यावर आमच्या एका डॉक्टर मॅडमनी सांकेतिक शब्दाची टूम काढली होती. घरच्यांनी एक शब्द ठरवायचा, फोनवर तो सांगेल त्यालाच माहिती द्यायची. कल्पना चांगली आहे, कागदावर. पहिल्याच कुटुंबानं त्यांच्या बैलाचं नाव दिलं, सर्जा. दोन दिवसांत अख्ख्या गावाला शब्द ठाऊक. "सिस्टर, सर्जा! सर्जा बोलतोय! पेशंट कसा हाय?" असे फोन. तिसऱ्या दिवशी आम्ही तो नाद सोडला. आता एकच करतो. ॲडमिशनच्या वेळी घरच्यांपैकी एकाचं नाव आणि नंबर फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्यायचा, जे बोलायचं ते त्याच्याशीच, दिवसातून दोनदा, आणि दारात उभ्यानं न बोलता आतल्या खोलीत बसवून. बाकी सगळ्यांना एकच वाक्य, "त्यांना विचारा." रागावतात. दोन दिवसांनी सवय होते.

वॉर्डमधल्या पेशंटचं एक बरं असतं, त्याला तोंड असतं. "पडदा ओढा की जरा," म्हणतो. "त्याला आत सोडू नका," म्हणतो. आमच्याकडच्या माणसाच्या तोंडात नळी, नाकात नळी, लघवीला नळी, मानेतल्या शिरेत सेंट्रल लाइनची नळी, वर झोपेचं औषध चालू. अंगावर मागून उघडा गाऊन. दर दोन तासांनी आम्ही त्याला कुशीवर वळवतो, पुसतो, सगळं बघतो. तो नको म्हणू शकत नाही, आणि म्हणून आम्हाला वाटायला लागतं की त्याचं काही म्हणणं नसेलच.

कागलकडचे एक आबा होते. हार्ट फेल्युअर, सहा दिवस व्हेंटिलेटर. नळी काढल्यावर माणसं साधारण पाणी मागतात, नाहीतर घरच्यांचं नाव घेतात. आबांनी घसा खाकरला, आवाज फुटेना. मी कान जवळ नेला. "टोपी." परत म्हणाले, "टोपी द्या आदी. सुनंची भेटायची येळ झाली." ॲडमिशनच्या वेळी कपडे, चप्पल, टोपी सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घरी पाठवलेलं. मुलाला फोन करून मागवली. तोवर सून दाराबाहेर थांबली, तिचं तीच म्हणाली, "थांबते मी." टोपी आली, मी ती सरळ करून घातली, ऑक्सिजन मास्कचा इलॅस्टिक त्यात अडकत होता तो खालून घेतला. मग आबांनी मान हलवली. सहा दिवस ती सून रोज येऊन उघड्या डोक्याच्या सासऱ्याला बघून गेली होती, आणि आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. आता टोपी घरी जात नाही. लॉकरला ठेवतो, भेटीच्या वेळी उशीजवळ.

पडद्याचं रडगाणं वेगळंच. एका हॉलमध्ये दहा बेड. पडदे ओढूनच ठेवा असं ट्रेनिंगवाल्या बाई सांगून गेल्या. बाई, कायम ओढून ठेवला तर नर्सिंग स्टेशनवरून पेशंट दिसत नाही. व्हेंटिलेटरची नळी निसटली, पेशंटनं स्वतःच ओढून काढली, तर अलार्म होतो खरा, पण डोळ्याला दिसणं वेगळं. म्हणून पडदा फक्त कामापुरता ओढायचा. आंघोळ, कॅथेटर, ड्रेसिंग, बेडपॅन. तेवढ्यापुरता तरी तो पूर्ण यावा ना? चार आणि पाच नंबरच्या मध्ये हुकं तुटलीत, पडदा हातभर कमी पडतो. चाळीस हुकांची मागणी मी सहा महिन्यांपूर्वी स्टोअरला दिली. 'आम्ही आपल्या गोपनीयतेचा आदर करतो' हा पोस्टर मात्र ट्रेनिंगनंतर आठवड्यात लागला, फ्रेमसकट. तोपर्यंत तिथं बाईमाणसाचं काही करायचं असलं की मावशी चादर धरून उभ्या राहतात. हात वर करून, तोंड पलीकडं करून, दहा-दहा मिनिटं. वीसपैकी वीस मार्क त्यांनाच खरे शोभतात.

आणि पडद्यानं आवाज अडत नाही. राउंडला डॉक्टर इंग्लिशमध्ये बोलतात, त्यांना वाटतं इंग्लिश म्हणजेच पडदा. शेजारच्या बेडवर रिटायर्ड हेडमास्तर असतात. एकदा एका मास्तरांनी मला हळूच बोलावून विचारलं, "पाच नंबरच्या बाईंचे लिव्हरचे रिपोर्ट बरे नाहीत वाटतं?" वर त्यांना रात्रभर झोप लागली नाही ते वेगळंच.

आता फळ्याची गोष्ट. ही मी फारशी कुणाला सांगितलेली नाही.

२०१६ सालची. नर्सिंग स्टेशनच्या मागं पांढरा फळा होता. बेड नंबर, पूर्ण नाव, वय, आजार, डॉक्टर. सगळ्यांना एका नजरेत दिसावं म्हणून मोठ्या अक्षरात. एका नजरेत दिसायचंच, आयसीयूच्या दाराला काच असल्यामुळं बाहेरूनसुद्धा. तीन नंबरला एक बाई होती, मेंदूतला ताप. तिचा एचआयव्हीचा रिपोर्ट आला आणि कुणीतरी तिच्या नावापुढं लाल मार्करनं 'रेट्रो' (म्हणजे एचआयव्ही) लिहून गोल केला. सगळीकडं तसंच करायची पद्धत होती. फाइलवर लाल, बेडच्या पायथ्याला लाल. काळजी घ्या, एवढाच त्याचा अर्थ आमच्या लेखी. कुणी लिहिलं ते मला माहीत आहे, अक्षर माझंच होतं.

तिचा भाऊ काचेबाहेर उभा राहून तो शब्द फोनमध्ये टाइप करत होता. मी आतून बघत होते. मला वाटलं व्हॉट्सॲप करतोय.

संध्याकाळच्या भेटीला तो आत आला, पण बेडच्या पायथ्याशीच थांबला. आदल्या दिवशीपर्यंत तिचे पाय चेपत होता. त्यानंतर वहिनी आली नाही, आई आली ती रडत आली. बाहेर थांबणारी माणसं वीसवरून तीनवर आली. त्या बाईला शुद्ध नव्हती. तिचा आजार तिच्या आधी सगळ्या भावकीला कळला.

रात्री मी तो गोल पुसायला गेले. दोन दिवसांचा सुकलेला मार्कर, डस्टरनं जाईना. स्पिरिटचा बोळा घेऊन घासला तेव्हा अक्षरं गेली आणि तिथं गुलाबी डाग पसरला, पहिल्यापेक्षा मोठा. फळा बदलेपर्यंत तो तिथंच होता.

गंमत म्हणजे, गंमत कसली, त्या लाल गोलाचा आम्हाला काडीचा उपयोग नव्हता. स्टँडर्ड प्रिकॉशन्स हे आम्ही पहिल्या वर्षाला शिकलो. प्रत्येकाचं रक्त संसर्गाचं समजूनच हाताळायचं. हातमोजे प्रत्येकाला, सुई प्रत्येकाची लगेच पंक्चरप्रूफ डब्यात. कारण ज्याचा रिपोर्ट अजून आलेला नाही, किंवा लागण नवीन असल्यामुळं टेस्टमध्ये दिसत नाही, त्याच्या नावापुढं लाल गोल नसतोच. म्हणजे तो गोल सावध करत नव्हता. उलट ज्याला गोल नाही त्याच्याकडं बेफिकीर करत होता.

पुढं एचआयव्हीचा कायदा आला, २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. कुणाचा एचआयव्ही असल्याचं त्याच्या लेखी संमतीशिवाय उघड करायचं नाही. जे डॉक्टर-सिस्टर त्याच्यावर उपचार करतायत त्यांनी एकमेकांना उपचारापुरतं सांगायला मुभा आहे. फळ्याला आणि काचेबाहेरच्या भावाला नाही. आता आमच्या फळ्यावर बेड नंबर, डॉक्टर आणि ड्युटीवरची सिस्टर एवढंच असतं. आजार फाइलमध्ये. एक सीनियर डॉक्टर अजून कुरकुरतात, "फळा बघून काही कळत नाही हो." कळायचं नाहीच आहे, सर.

फोनचं काय करायचं हे मात्र मला अजून सुटलेलं नाही. रात्री तीनला डॉक्टर घरी, पेशंटचा एबीजी, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइडचा रिपोर्ट, बिघडलेला. रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला की दोन मिनिटांत उत्तर येतं, व्हेंटिलेटरची सेटिंग बदलते, पेशंट सावरतो. हे बंद करा म्हणणाऱ्यानं एक नाइट करून बघावी. आम्ही नावावर अंगठा ठेवून फोटो काढतो, नाहीतर कागद दुमडतो. बेड नंबर तेवढा लिहितो. एक्स-रेच्या कोपऱ्यात छापलेलं नाव घाईत राहूनच जातं.

माझ्याच घरी काय झालं ते सांगते. दोन वर्षांपूर्वीच्या गौरी-गणपतीत जावा, नणंदा, पोरंबाळं, घर भरलेलं. धाकट्यानं माझा फोन टीव्हीला जोडला, आरतीचे फोटो दाखवायला. गौरीचा मुखवटा, मोदकाचं ताट, मग आमची सेल्फी, आणि मग बेचाळीस इंची टीव्हीवर कमरेवरचं बेडसोर, म्हणजे पडून पडून झालेली जखम, हाडापर्यंत गेलेली, शेजारी मोजपट्टी आणि पेशंटच्या नावाचं स्टिकर. ड्रेसिंगची प्रगती कळावी म्हणून आठवड्याला काढायचा फोटो, नियमानं हॉस्पिटलच्या कॅमेऱ्यात. कॅमेरा चार्ज नव्हता म्हणून मी माझ्या फोनमध्ये काढलेला. पोरगं "आई, हे काय?" म्हणून किंचाळलं, नणंदेनं तोंडावर हात घेतला आणि थोरल्या जावेनं नाव आडनावासकट मोठ्यांदा वाचलं. रिमोट कुणाच्या मांडीखाली होता ते सापडेपर्यंत ते चित्र तिथंच. प्रसाद कुणाला गेला नाही. ते पेशंट तेव्हा देवाघरी जाऊन महिना झाला होता.

त्या रात्री मी फोनमधले एकशे साठच्या वर फोटो डिलीट केले. एकेक बघून. किती माणसं माझ्या पर्समधून भाजी मंडईत फिरून आली होती ते तेव्हा कळलं.

उलट बाजूनंही एकदा भोगून झालंय. २०२० च्या कोरोनात मी पॉझिटिव्ह आले, ड्युटीवरच. माझा रिपोर्ट मला फोनवर कळायच्या आधी गल्लीच्या ग्रुपवर यादी फिरली होती. नाव, वय, घर नंबर. सासूबाईंना दूधवाल्यानं लांबूनच सांगितलं, "उद्यापास्नं भांडं दाराबाहेर ठेवा." मार्चमध्ये बाहेरून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारत होते तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं. ऑगस्टमध्ये वाटलं. यादी फोडणारा कुणीतरी आमच्यासारखाच कर्मचारी असणार, आणि त्यानंही ती काळजीपोटीच कुणाला तरी पाठवली असणार. 'जपून राहा रे, तुमच्या गल्लीत निघालाय.'

तशी शपथ आम्ही घेतलेली असते. नर्सिंगला पहिल्या वर्षी लॅम्प लायटिंग होतं, पांढरा शुभ्र युनिफॉर्म, हातात दिवा, समोर आई-वडील. १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटला लिहिलेली नाइटिंगेल शपथ म्हणायची. त्यात एक ओळ आहे, कामाच्या निमित्तानं माझ्याकडं सोपवलेल्या आणि कानावर आलेल्या घरगुती गोष्टी मी माझ्यापाशीच ठेवीन, अशा अर्थाची. ती ओळ आली तेव्हा माझ्या मेणबत्तीचं मेण अंगठ्यावर गळलं होतं, त्यामुळं मला ती ओळ तेवढी पक्की आठवते. डॉक्टरांना तर वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत लिहूनच दिलंय की पेशंटचं गुपित फोडायचं नाही. अपवाद मोजके. कोर्टानं विचारलं तर, कुणाला गंभीर धोका असेल तर, आणि कळवणं सक्तीचं असलेला रोग असेल तर. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. हे सगळं स्लाइडवर होतं आणि ते योग्यच आहे. पण गंगावेशीत काकांनी विचारलं तेव्हा मला यातलं काहीएक आठवलं नाही. हात धुण्यासारखं आहे हे. पेशंटला हात लावायच्या आधी सॅनिटायझर घ्यायचा हे मला आठवावं लागत नाही, हात आपोआप बाटलीकडं जातो. जीभ तशी अजून वळलेली नाही. हल्ली कुणी रस्त्यात विचारलं की मी म्हणते, "मी ड्युटीवर नव्हते." खोटं असतं. पण माणूस दुखावत नाही.

खोट्यावरून आठवलं.

आमच्या भागात पॉयझनच्या केसेस भरपूर. शेतीचं औषध घरात सहज हाताशी असतं. अशीच एक तिशीच्या आतली बाई, चंदगडकडची. पोलिसांना कळवलं, एमएलसी, म्हणजे पोलीस केसची नोंद, झाली. ऑरगॅनोफॉस्फेट या कीटकनाशकाच्या विषावर उतारा म्हणून ॲट्रोपिन देतात, आणि ते चढलं की पेशंट भ्रमात जातो. तोंड लाल, बाहुल्या मोठ्या, जीभ कोरडी ठणठणीत, हवेत काहीतरी वेचत राहतो आणि अखंड बडबडतो. शुद्धीत असताना जे जिवापलीकडं जपलं ते सगळं बाहेर येतं. ते त्यानं आपल्याला सांगितलेलं नसतं. शपथेत 'सोपवलेल्या गोष्टी' म्हटलंय, हे तर सोपवलेलंही नसतं, सांडलेलं असतं.

रात्री तीन वाजले होते. बाई कॉटवरून उठू बघत होती, हात मऊ पट्टीनं बांधावे लागले. ओळखीचा आवाज कानावर पडला की असे पेशंट कधीकधी निवतात, म्हणून नवऱ्याला आत बोलावलं. तो दाराशी गाऊन घालत होता. मागच्या नाड्या त्याला बांधता येत नव्हत्या. आणि इकडं बाईनं एक नाव घ्यायला सुरुवात केली. नवऱ्याचं नव्हतं. हाक मारल्यासारखं, परत परत, आणि त्या नावाला धरून आणखी बरंच. आमच्यातली नवी पोरगी फिस्सकन हसली आणि माझ्याकडं बघून गप झाली.

मी दाराकडं गेले. त्याच्या नाड्या बांधायच्या ऐवजी सोडल्या. "दादा, आधी खाली मेडिकलला जाऊन डायपरचं पाकीट आणा. मोठ्या साइजचं. आता लागेल."

"आत्ता?"

"आत्ताच."

तो गेला. कपाटात दोन पाकिटं शिल्लक होती. मी बेडशी येऊन तिच्या ओठांना ओला गॉज लावत बसले, ती बोलत राहिली. नव्या पोरीला नोट्स लिहायला सांगितलं. तिनं विचारलं, "मॅडम, काय लिहू?" म्हटलं, "डिसओरिएंटेड, इररेलेव्हंट टॉक प्रेझेंट. बास." सकाळच्या हँडओव्हरलाही तेवढंच द्यायचं.

नवरा जिन्यानं धावत आला असणार, लिफ्टची वाट न बघता. तोवर ती दमून पुटपुटण्यावर आली होती. त्यानं पाकीट दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं.

"काय म्हनत हुती? भायेर आवाज येत हुता."

"पाणी मागत होती."

तो तिच्या सुकलेल्या ओठांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मग द्या की थोडं."

"आज नाही देता येत, दादा. नाकातनं नळी आहे."

त्यानं मान हलवली आणि पाकीट कुठं ठेवू म्हणून विचारलं.